कोपऱ्यातलं दातेरी चाक

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरची डावीकडची चिन्हांची पट्टी गेली आणि आईने डेस्कटॉपवर ठेवलेले फोटोही दिसेनासे झाले, हे बाबांनी कळवलं. आई, आधी तू निर्धास्त हो, फोटो जागेवर आहेत. फाइल्स उघडून 'डेस्कटॉप' नावाच्या फोल्डरमध्ये बघ. बाबा, सगळं पुसून नव्याने टाकून घ्यायचं अजिबात मनावर घेऊ नका. (दुकानदार ते आनंदाने करून देईल, पण फोटो तेव्हा खरंच जातील.)

तुमचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या उबंटू 24.04 मध्ये मी साधा ग्नोमही (स्क्रीनच्या मांडणीचा आणखी एक प्रकार) टाकून ठेवलाय. तो पट्टी दाखवत नाही, डेस्कटॉपवरच्या फायलीही दाखवत नाही. लॉगिन करताना आईकडून तो निवडला गेला असणार. आणि एकदा निवडलेलं सेशन, म्हणजे अशी मांडणी, कॉम्प्युटर त्या खात्यापुरतं लक्षात ठेवतो, म्हणून बंद करून परत लावलं तरी फरक पडला नाही. बाबांच्या खात्यात सगळं जसंच्या तसं आहे, तेही याचमुळे.

आता कसं करायचं ते सांगते. आधी लॉग आउट करा. नुसता स्क्रीन लॉक केलात तर पासवर्डची चौकट येईल, पण मला हवं ते चाक येणार नाही. नावांची यादी आली की आईच्या नावावर क्लिक करा. पासवर्ड टाकायच्या आधी थांबा आणि खाली उजव्या कोपऱ्यात बघा, एक छोटं दातेरी चाक उगवलेलं असेल. नाव निवडेपर्यंत ते दिसतच नाही, त्यामुळे आधीपासून शोधत बसू नका. त्यावर क्लिक केलं की चार नावं येतील आणि सध्या चालू असलेल्या नावाशेजारी ठिपका असेल. तिथे 'उबंटू' निवडा, मग पासवर्ड. झालं.

त्याच यादीत 'उबंटू ऑन एक्सऑर्ग' आहे. मी इथून तुमचा स्क्रीन बघायला गेले की मला नुसता काळा चौकोन दिसतो, तेव्हा ते कामाचं. साध्या 'उबंटू'त खिडक्या स्क्रीनवर दाखवायचं काम वेलँड करतो आणि तो एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडकीत न विचारता डोकावू देत नाही. एक्सऑर्गमध्ये तेच काम एक्स करतो, पण तो 1984 सालचा, तेव्हा एवढा संशय कोणी घेत नव्हतं. म्हणून रोजच्याला, विशेषतः बँकेच्या कामाला, साधं 'उबंटू'च ठेवा. मी सांगेन तेवढ्यापुरतं एक्सऑर्ग, आणि काम झालं की आठवणीने परत फिरवा, नाहीतर तेच चिकटून राहील.

पासवर्ड बरोबर असून घेत नसेल तर बहुतेक वेळा कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. ठिपक्यांमुळे ते कळत नाही. वर उजवीकडे भाषेची खूण असते, तिथून इंग्रजी करा. तिथेच माणसाच्या आकृतीचं चिन्ह आहे. बाबा, त्यातलं 'लार्ज टेक्स्ट' चालू करा, चष्मा शोधत बसावं लागणार नाही.

आई, फोटो दिसले की बाबांना दाखव आणि मला फोन कर. एक्सऑर्गचं आपण फोनवर बोलत बोलतच करू, तोवर त्याला हात लावू नका.

तुमची लेक