टेकडीवरचे संग्रहालय वगळू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. सुटीत गोव्याला जाणारी मराठी कुटुंबे आणि शाळांच्या सहली जुन्या गोव्यात बॉम जेझूची बासिलिका व से कॅथेड्रल पाहून परततात. तेथून जवळच, मोन्ते सांतो टेकडीवर, सांता मोनिका मठाच्या वास्तूत असलेले ख्रिस्ती कलेचे संग्रहालय मात्र बहुतेकांकडून राहून जाते. चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या मला याची मनापासून खंत वाटते.

हे संग्रहालय १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात) सुरू झाले आणि २००२ मध्ये येथे आले. आर्चबिशप आलेक्सो दि मेनेझिस यांनी १६०६ मध्ये ऑगस्टिनियन धर्मभगिनींसाठी स्थापन केलेल्या या मठाची वास्तू १६२७ मध्ये पूर्ण झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बरखास्त केले, नव्या भगिनींना प्रवेश मिळेनासा झाला आणि १८८५ मध्ये शेवटची भगिनी निवर्तली. जिथे अशा वस्तू पूजाविधीत वापरल्या जात, त्याच प्रकारच्या जाड भिंतींच्या आत आज त्या पाहताना त्यांचा मूळ हेतू सहज उमगतो. एखाद्या आधुनिक दालनात तो एवढा उमगला असता, असे मला वाटत नाही.

येथील हस्तिदंती मूर्ती, लाकडी कोरीवकाम आणि चांदीची उपकरणे यांचे विषय ख्रिस्ती असले, तरी त्यांतले बरेचसे काम इथल्याच कारागिरांच्या हातचे आहे. पेलिकन पक्ष्याच्या रूपातले, ख्रिस्ती उपासनेत ख्रिस्ताचे शरीर मानली जाणारी पवित्र भाकर ठेवण्याचे पात्रच पाहावे. स्वतःच्या छातीचे रक्त पाजून पिलांना जगवणारा पक्षी, ही पेलिकनविषयीची युरोपातील जुनी समजूत ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक ठरली, आणि ती कल्पना येथे चांदीत उतरली. गोव्यातील १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा बिगरख्रिस्ती कारागिरांकडून घडवून घेण्यास मनाई केली होती. तशी मनाई करावी लागली, यावरूनच त्या कारागिरांना किती काम मिळत होते, हे कळते. बहुतेकांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. डोळ्यांची ठेवण, वस्त्राच्या चुण्या, वेलबुट्टीची वळणे एवढीच त्यांची खूण उरली आहे. म्हणून कलाशिक्षकांनी विद्यार्थ्यांना येथे न्यावे, घाई न करता बसवावे आणि रेखाटने करू द्यावीत.

आणखी एक विनंती कोकणातील व वसई परिसरातील जुन्या चर्चच्या व्यवस्थापनांना करतो. सणापूर्वी जुन्या लाकडी मूर्तीवर भक्तिभावाने ऑइलपेंटचा हात फिरवला जातो. त्यामागची श्रद्धा मी जाणतो, पण त्या थराखाली मूळ रंग, सोन्याचा वर्ख आणि कोरीवकामातले बारकावे झाकले जातात. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी निदान मूर्तीची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मापे टिपावीत आणि संवर्धनतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक