कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना, पिकअपवाल्याचं पत्र

मिस्त्री, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "नाव-बिव टाकू नका, उगं गर्दी हुईल आन् हातातली कामं खोळंबतील," असं तुम्हीच बजावलंय. पण पत्र लिहू नका असं काही म्हणाला नव्हतात, तेव्हा लिहितोय.

परवा वैभववाडीला उसाची रोपं पोच करून करूळ घाटानं वर आलो. मागं रिकाम्या ट्रेंची चळत, शेजारी भाचा घोरत होता. वळणावर ॲक्सिलरेटर सोडला, पुन्हा दाबला, आणि गिअर कधी बदलला ते मला आरपीएमच्या काट्यावरून कळलं. भाचा जागासुद्धा झाला नाही. आधी त्याच वळणांवर त्याचं डोकं काचेवर आपटायचं. गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हा त्याला म्हटलं, मिस्त्रींना आता नुसता फोन करून भागायचं नाही.

हे पत्र इतर लोकही वाचतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. माझा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. क्लच दाबायला लागतो तो पाय माझ्याकडं नाही. नर्सरी काढल्यापासून मी ड्रायव्हरच्या मर्जीवर धंदा केला. त्याच्या घरी पाव्हणे आले की माझी रोपं ट्रेमध्येच पिवळी पडायची. ऑटोमॅटिक पिकअप घेतली तेव्हा गावात बोललेच लोक, "चैन हाय बाबा." दोन्ही पाय धड असणाऱ्याला ती चैन वाटणारच. मी मात्र त्या गाडीनं आयुष्यात पहिल्यांदा पहाटे चारला, घरात कुणालाही न उठवता, राधानगरीला एकटा रोपं घेऊन गेलो होतो.

तीच गाडी त्रास द्यायला लागली. सकाळी रिव्हर्स टाकला की आधी काहीच नाही, मग धाडकन धक्का. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जरा उशिरानं ओढ घ्यायची. सपाट रस्त्यावर हलक्या पायानं चालवत असलो की पन्नास-साठच्या वेगाला सगळी गाडी थरथरायची. शंका गिअरबॉक्सच्या ऑइलचीच होती, कारण एवढे किलोमीटर होऊनही ते एकदासुद्धा बदललेलं नव्हतं. दर सर्व्हिसिंगला मी विचारायचो आणि दर वेळी उत्तर एकच मिळायचं: ते बदलावं लागत नाही, आयुष्यभर चालतं.

त्या सर्व्हिस सेंटरचं नाव मी घेणार नाही. तिथल्या टाय घातलेल्या साहेबांना मात्र एवढंच सांगायचंय की गाडी माझी होती, चालवणारा मी होतो, आणि तुम्ही मात्र सगळा वेळ माझ्या भाच्याशी बोलत होता. "यांना सांगा, गिअरबॉक्सच बदलावा लागेल." यांना म्हणजे मला. मी समोर उभा. काठी बघितली की माणसाला ऐकू येत नाही असं काही लोकांना का वाटतं, हे मला अजून उलगडलेलं नाही. खर्चाचा आकडा ऐकून भाच्यानं मोबाईल खिशात घातला, यावरून काय तो अंदाज घ्या. गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन खोलून बघितला का, असं मी विचारलं. आत यायची परवानगी नाही, वेटिंग रूममध्ये बसा, एसी आहे, असं उत्तर मिळालं.

हायवेच्या कडेच्या एका चकचकीत गॅरेजवाल्यानं तर कमालच केली. मशीन लावून तासाभरात सगळं ऑइल फ्लश करून देतो म्हणाला. कुठल्या ग्रेडचं घालणार म्हटलं, तर म्हणे लाल असतंय की ते, लाल ते सगळं सारखंच. अहो, लाल रंग नुसता घातलेला असतो, गळती झाली तर इंजिन ऑइलपासून वेगळी ओळखू यावी म्हणून. आत घर्षणाचं गणित प्रत्येक गिअरबॉक्सचं निराळं असतं. हे मला तेव्हाही अर्धंमुर्धं माहीत होतं, पण त्याला पटवत बसायची ताकद नव्हती. बाकीच्यांनी एका वाक्यात वाटेला लावलं: ऑटोमॅटिक? पुण्याला न्या.

पुण्याला न्या! म्हादबा मेस्त्रींच्या गावात, जिथं ओतकामापासून आख्ख्या ऑइल इंजिनापर्यंत सगळं इथल्या हातांनी घडलं, तिथं हे ऐकायचं. राग आला होता तो त्या वाक्याचाच जास्त.

मग माझ्याकडं रोपं न्यायला येणाऱ्या एका फाउंड्रीवाल्यानं तुमचा पत्ता दिला. बोर्ड नाही, दार अर्धं उघडं, एका बाजूला ओतकामाच्या पॅटर्नचं दुकान, दुसऱ्या बाजूला लेथ. तुम्ही मस्कतला असताना आयुष्याची उमेदीची वर्षं ऑटोमॅटिक पिकअपखालीच काढलीत, हे मला नंतर कळलं. पहिल्या भेटीत तुम्ही गाडी सुरू करायला लावलीत, ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर एकेका जागी थांबवत फिरवायला सांगितलंत, डोळे मिटून ऐकलंत, आणि म्हणालात, "आतल्या क्लचच्या प्लेटा गेल्या असतील तर ऑइल बदलून काय उपेग न्हाई पाव्हणं. पॅन खोलू, बघू. गेल्या असतील तर हिथंच सांगीन, पुढचं पैसं वाचवा." माझ्या गाडीबद्दल माझ्याशी बोललेला पहिला माणूस. तेही, काम मिळणार नाही अशी शक्यता स्वतःच सांगून.

आता मुद्द्याचं.

काम सुरू करायच्या दिवशी तुमच्या पोरानं मला प्लॅस्टिकची खुर्ची आणून दिली. मी बसायला वाकलो आणि तुम्ही गाडीखालनं नुसतं बघितलंत. विचारलं काहीच नाही. पोराला शेजारच्या लेथवाल्याकडं पिटाळलंत आणि तिथला उंच लाकडी स्टूल मागवून घेतलात. खुर्ची बुटकी होती. बुटक्या खुर्चीतून उठायचं म्हणजे मला कुणाचा तरी हात लागतो, नाहीतर दोन्ही हातांनी पाय सरळ करून कॅलिपरचं, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांचं, लॉक बसवावं लागतं, आणि तो खटाटोप चारचौघांसमोर. उंच स्टुलाला नुसतं टेकायचं आणि वाटेल तेव्हा उभं राहायचं. माझ्या नात्यातल्या निम्म्या लोकांना हे अजून उमगलेलं नाही. दर लग्नात मला सोफ्यावर बसवतात, मान म्हणून, आणि मी जेवणाची पंगत उठेपर्यंत तिथंच अडकतो. तुम्हाला ते पाठीवर पडल्या पडल्या, एका नजरेत कळलं. त्याचा गाजावाजा नाही, "काय झालंय पायाला" नाही, चेहऱ्यावर कणव नाही. स्टूल आला, पोरानं खुर्ची उचलून नेली आणि तुम्ही परत पान्याकडं वळलात.

आणि पॅन सुटल्यावर तो फरशीवर न ठेवता तुम्ही उलट्या पिंपावर ठेवलात, बरोबर माझ्या समोर, स्टुलाच्या उंचीला. मी उकिडवा बसू शकत नाही हे ध्यानात ठेवून. पॅनमधले लोहचुंबक काढून एकावरून बोट फिरवलंत आणि पांढऱ्या फडक्याला पुसलंत. "पीठ हाय बघा. लावा, तुम्ही पण बोट लावा." लावलं. करडं, मऊ, कुठंही खरखर नाही. "ही झीज, हिला घाबरायचं न्हाई. खडं निघालं असतं, चकाकी दिसली असती, तर गाडी तशीच घरी न्या म्हणलो असतो." ऑइल मात्र कोऱ्या चहासारखं काळपट झालेलं आणि जळका वास. प्लेटा शाबूत, ऑइल मेलेलं. एसी वेटिंग रूममध्ये जन्मभर बसलो असतो तरी हे मला दिसलं नसतं.

बाकी काम कसं केलं ते लिहीत बसत नाही, ते तुमच्या हातात आहे आणि मला ते लिहून जमणारही नाही. दोन-तीन गोष्टी मात्र डोक्यात बसल्यात. खालचा नट सोडण्याआधी तुम्ही वरचा, ऑइल भरायचा नट सुटतोय का ते बघितलंत. तो गंजून अडकला असता तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसायची पाळी आली असती. फिल्टर धुऊन बसवा, असं एका शहाण्यानं मधेच सुचवलं. तुम्ही हसलात. नुसती जाळी असती तर धुतली असती, ह्याला आत फेल्ट आहे, धुतलं तर घाण आतच राहते. नवा फिल्टर आणि गॅस्केट येईपर्यंत मला थांबवलंत, पण सिलिकॉन थापून वेळ मारून नेली नाहीत. या गाडीला ऑइल बघायची डिपस्टिकच नाही. इंजिन चालू ठेवून, पुस्तकात दिलेल्या तापमानाला, खालच्या छिद्रातून बारीक धार पडेपर्यंत भरायचं असतं. गरम ऑइल फुगतं, त्यामुळं तापलेल्या गाडीत मापलं तर ते कमी भरलं जातं. म्हणून तुम्ही स्कॅनर लावून, आकडा बघत, इतर गिऱ्हाइकांना थांबवून बसलात. आणि शेवटी स्वतःहूनच सांगितलंत की पॅन खोलून निम्म्याहून कमी ऑइल निघतं, बाकीचं मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात राहतं, तेव्हा काही हजार किलोमीटर पळवून परत या, नुसतं ऑइल बदलू. "तवा मजुरी देऊ नका." हे शेवटचं मला मान्य नाही, त्यावर खाली बोलू.

घरी आल्यावर जरा वाचलं. झेडएफ ही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतःच्याच गिअरबॉक्सचं ऑइल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदला म्हणून सांगते. माझा गिअरबॉक्स त्यांचा नाही, पण बनवणाराच बदला म्हणतोय तर विकणाऱ्यांना आयुष्यभराची खात्री कुठून येते? माझ्या गाडीच्या पुस्तकातसुद्धा ओझं, घाट आणि उष्णता असेल तर ऑइलकडं लवकर बघा असं छापलेलं सापडलं. साहेबांनी ते पान उघडलेलं नसावं. वॉरंटी संपेपर्यंत तग धरली की झालं, असा हिशेब असेल तर तो त्यांनी तोंडानं बोलावा, मी ऐकून घेईन.

मिस्त्री, २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता तेव्हा अडकलेल्या ट्रकवाल्यांना आपल्या लोकांनी भाकऱ्या पोचवल्या. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असायलाच पाहिजे. पण मला कधी कधी वाटतं, पुरात सगळेच चांगले वागतात. कोरड्या दिवशी, दुपारी बाराला, गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना, अनोळखी माणसाला कुठल्या उंचीचं बसायला लागतं हे बघणारे थोडे. तुमचा तो शेजारी लेथवाला बघा, जॉब लावायचा सोडून त्यानं स्टूल दिला आणि स्वतः अर्धा दिवस उभ्यानं काम केलं. त्यालाही माझा नमस्कार सांगा. चहा पाजायचा राहिलाय त्याला.

आता मजुरीचं. तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात की गावाकडं तुमचं एकरभर रान आहे आणि यंदा कांडी न लावता रोपं लावायचा विचार आहे. को ८६०३२ या उसाच्या जातीची रोपं माझ्याकडं तयार होतायत, जुलैत आडसालीला बरोबर लागणीला येतील. सऱ्या पाच फुटांवर सोडा, दोन फुटांवर एक रोप. एकराला ४,३५० च्या आसपास बसतात, वर तुटाळीसाठी, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी लावायला, थोडी मी जादा देईन. पोचवायला मीच येणार, त्याच गाडीतनं. पैसे विचारू नका. आणि विचारायचेच असतील तर दुसऱ्यांदा ऑइल बदलायची मजुरी आधी घ्या, मग बोलू.

तुमचा,
पिकअपवाला पाव्हणा