काकू, त्या पाच मिनिटांसाठी

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सप्रेम नमस्कार,

परवा जिन्यात भेटलात तेव्हा नुसतं 'थँक्यू काकू' म्हणून मी पुढे गेले. तेवढ्यावर भागणारं हे नव्हतं, म्हणून लिहायला बसले. सगळ्यांना वाचता येईल असंच लिहितेय, कारण माझ्यासारखं आणखीही कुणी पहाटे उशीत तोंड खुपसून रडत असेल.

अण्णा गेल्यापासून एकच स्वप्न पडायचं. नाशिकच्या घराचा ओटा आणि सुपारी कातरत बसलेले अण्णा. 'अण्णा तर गेलेत, म्हणजे हे स्वप्न आहे,' हे स्वप्नातच माझ्या लक्षात यायचं. मी 'अण्णा!' म्हणत धावायचे, की लगेच जाग. दर वेळी. नातेवाइकांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून घ्या म्हणून सुचवलं. तुम्ही मात्र चहाचा कप पुढे सरकवत विचारलंत, "जाग यायच्या आधी नेमकं काय होतं गं?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारलाच नव्हता. मी म्हटलं, सगळं पुसट होत जातं.

"आधी दिसणं विरतं, स्पर्श सगळ्यात शेवटी जातो. म्हणून पुसट व्हायला लागलं की हात चोळायचे. आणि धावायचं नाही. आनंदाच्या भरातच माणूस जागा होतो."

कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचात तशाच समजावून सांगत होतात. स्वप्नाच्या झोपेत अंग लुळं पडतं, पण डोळे हलत राहतात. म्हणून 1975 साली इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली या माणसाने झोपेतूनच डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून 'मी स्वप्नात आहे' अशी खूण केली. पुढे स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांनी विरत चाललेलं स्वप्न धरून ठेवायचे उपाय ताडून पाहिले. नुसतं चालू द्यावं त्यापेक्षा हात चोळणं किंवा स्वप्नातच स्वतःभोवती गिरकी घेणं कितीतरी जास्त उपयोगी पडलं. गिरकीने मला गरगरतं, म्हणून मी हात चोळणंच धरलं. त्यांच्या प्रयोगात स्वप्नात दहा आकडे मोजायला जवळपास जागेपणीइतकाच वेळ लागला होता. हे ऐकून मला फार बरं वाटलं. म्हणजे पाच मिनिटं मिळाली तर ती खरीच पाच मिनिटं.

पहाटेकडे स्वप्नांची झोप लांबत जाते, म्हणून साडेचारचा गजर लावला, वीस मिनिटं जागी राहिले आणि पुन्हा आडवी झाले. असे कितीतरी शनिवार वाया गेले. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "होईल. रोज मात्र करू नकोस, झोप मोडेल."

आणि मग झालं. ओट्याच्या पायरीशी उभी होते. धावले नाही. हात चोळले, तळवे गरम झाले. उंबरठ्यावर हात फिरवला, तर त्यातलं वर आलेलं खिळ्याचं डोकं बोटाला लागलं. ते खरंच तिथे आहे, मी पार विसरले होते. अण्णा मान वर न करता म्हणाले, "बस." मी बसले. अडकित्त्याची कटकट ऐकत राहिले. मध्ये एकदा त्यांचा चेहरा धूसर व्हायला लागला, तेव्हा ओट्याच्या गार फरशीवर दोन्ही तळवे घासले आणि ते परत दिसायला लागले. त्यांनी सुपारीचं एक खांड माझ्या हातावर ठेवलं. मूठ मिटली आणि जाग आली. तुम्ही सांगितल्याप्रमाणे डोळे न उघडता निश्चल पडून राहिले, पण स्वप्न परतलं नाही. त्या दिवशी रडू आलं नाही.

तुम्ही आधीच बजावलं होतंत, "हे तुझ्या मनातले अण्णा आहेत, त्यांना निरोप विचारू नकोस." म्हणून काही विचारलं नाही. काकू, हात चोळायच्या युक्तीइतकेच या एका वाक्यासाठी मी तुमचे आभार मानते. त्यामुळे भलत्या आशेला लागले नाही, नुसती त्यांच्याजवळ बसू शकले.

रविवारी घरी आहात ना? आईकडून अण्णांचा अडकित्ता आणलाय. तो घेऊन वर येते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची