कंबरलंडचे सांगितलेत, सेंटरचे राहिले

रविवार पुरवणीतील अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरचा लेख वाचला. छोट्या कॉलेजांची दैना दाखवायला लेखकाने १९१६ चा जॉर्जिया टेक-कंबरलंड सामना (कंबरलंड २२२-० ने हरले) पुढे केला. पण कंबरलंडने संघ आधीच मोडला होता. सामना न खेळल्याचा दंड चुकवायला कशीबशी पोरे गोळा करून नेली. तो दाखला कसा धरायचा? उलट केंटकीतल्या तीनशेच्या आसपास विद्यार्थ्यांच्या सेंटर कॉलेजने २९ ऑक्टोबर १९२१ रोजी बलाढ्य हार्वर्डला त्यांच्याच मैदानात ६-० असे हरवले. सेंटरच्या बो मॅकमिलिनची चेंडू घेऊन ३२ यार्डांची धाव तेवढी पुरली. सेंटरच्या गावच्या, डॅनव्हिलच्या पोरांनी भिंतींवर ‘सी ६ एच ०’, म्हणजे सेंटर ६ हार्वर्ड ०, असे रंगवले (रसायनशास्त्राच्या मास्तरांना न पटणारे सूत्र!). त्या हंगामात सेंटर हरले एकदाच, २ जानेवारी १९२२ ला, टेक्सास ए अँड एमकडून.

– एक वाचक, मिरज