मंत्रिमहोदय, नियम बदलण्याआधी आपल्याला कोण भेटून गेलं?

माननीय केंद्रीय पर्यावरणमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

माहिती अधिकारात मी केलेल्या एका अर्जाचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं. कोणत्या कार्यालयाचं, ते इथे लिहीत नाही. औष्णिक वीज केंद्रांत कोळसा जळताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूचे नियम सैल होण्याआधी वीज कंपन्यांचे आणि त्यांच्या संघटनांचे कोण प्रतिनिधी भेटले आणि त्यांनी कोणती निवेदनं दिली, एवढंच मी विचारलं होतं. उत्तर दोन ओळींचं आहे: व्यावसायिक गोपनीयता, कलम ८(१)(घ). व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी, असंही त्याच कलमात लिहिलंय. ते वाक्य उत्तरात नाही.

आमचं घर वीज केंद्राच्या चिमण्यांपासून चार किलोमीटरवर आहे. वडिलांनी तिथल्या कोल प्लांटमध्ये २८ वर्षं नोकरी केली. त्या पगारावर घर उभं राहिलं, माझं शिक्षण झालं, त्यामुळे वीज नकोच म्हणणाऱ्यांतली मी नाही. पण आता रात्री दोन वाजता त्यांना उठवून बसवावं लागतं, नेब्युलायझरच्या कपात औषध ओतून मास्क तोंडावर धरावा लागतो. दहा-बारा मिनिटं घरघर चालते. ती मशीनची की त्यांच्या छातीची, अंधारात कळत नाही. सकाळी ओट्यावर राख असते, ती ओल्या फडक्याने पुसता येते. सल्फर डायऑक्साइड मात्र दिसतही नाही. हवेत त्याचे बारीक सल्फेट कण बनतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. वडिलांच्या दम्याचं हेच एक कारण, असं मी म्हणणार नाही. पण जे थांबवता येतं ते का थांबवलं नाही, हे विचारण्याचा हक्क मला आहे.

७ डिसेंबर २०१५ ला आपल्याच मंत्रालयाने हा वायू कमी करण्याचा नियम केला, दोन वर्षांची मुदत दिली. ती २०२२ पर्यंत गेली, मग पुन्हा पुढे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षं. जुलै २०२५ मध्ये तर तीन-चतुर्थांशांहून जास्त वीज केंद्रांना, चिमणीच्या उंचीची अट घालून, गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूटच मिळाली. उंच चिमणी वायू कमी करत नाही, लांब फेकते. लांबही माणसंच राहतात ना?

त्या सुटीच्या समर्थनात एक कारण असंही दिलं गेलं की ही यंत्रणा चालवायला जास्त वीज आणि चुनखडी लागते, म्हणून कार्बन डायऑक्साइड वाढतो. म्हणजे हवामानबदलाचं नाव घेऊन धुराड्यांना मोकळीक. हा युक्तिवाद पहिल्यांदा कोणी मांडला? शास्त्रज्ञांनी की कंपन्यांनी? कोणत्या तारखेच्या, कोणाच्या सहीच्या कागदावर? मला तो कागद बघायचाय.

प्रकल्पाची जनसुनावणी होते तेव्हा आमचं चित्रीकरण होतं. नाव, गाव, सही, सगळं हजेरीपत्रकावर येतं. माझ्या वडिलांनी एकदा माइकवर दोन मिनिटं बोलून घेतलं, तेही सरकारदरबारी नोंदलेलं आहे. आणि तुमच्या दालनात बसून मुदतवाढ मागणाऱ्याची जाहीर नोंद सक्तीची करणारा कायदाच या देशात नाही! शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या बीआरएसआर अहवालात, म्हणजे कंपनीच्या सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारीच्या अहवालात, मोठ्या कंपन्यांना आपण कोणत्या उद्योगसंघटनांचे सदस्य आहोत ते सांगावं लागतं, पण सरकारकडे कोणती धोरणं मागितली ते सांगणं ऐच्छिक आहे. खरं तर तेच सांगायला लावायला हवं होतं. बाहेर कंपनी ‘नेट झिरो’च्या, म्हणजे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याच्या, जाहिराती देते, आत तिची संघटना तिच्या वतीने नियम लांबवून घेते, आणि कंपनीचं नाव कुठेच लागत नाही.

आयर्लंडमध्ये २०१५ पासून लॉबिंग करणाऱ्यांना, म्हणजे सरकारकडे आपल्या सोयीची धोरणं मागणाऱ्यांना, दर चार महिन्यांनी कोणाला कशासाठी भेटलो ते जाहीर नोंदवहीत लिहावं लागतं. युरोपीय आयोगाचे आयुक्त आपल्या भेटींची यादी प्रसिद्ध करतात. कामं त्यांचीही अडलेली नाहीत.

आपल्याकडे निवडणूक रोख्यांची यादीसुद्धा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बाहेर काढायला लावली तेव्हा कळली, आणि खरेदीदारांत ऊर्जा कंपन्याही होत्या. दर वेळी सामान्य माणसाने कोर्टात जायचं, मग तुम्ही सांगायचं, हे किती वर्षं चालणार? माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम सांगतं की महत्त्वाचं धोरण ठरवताना संबंधित सगळी तथ्यं सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करावीत. कायदा २००५ चा आहे. वीस वर्षं झाली.

नवा कायदा होईल तेव्हा होईल. २०१५ ते २०२५ या दहा वर्षांत या एका नियमावर मंत्रालयात झालेल्या बैठकांच्या तारखा, आलेल्यांची नावं आणि त्यांनी दिलेली निवेदनं संकेतस्थळावर टाका. त्यासाठी संसदेची परवानगी लागत नाही, तुमची सही पुरते.

माझं पहिलं अपील उद्याच्या टपालाने जातंय. पाकिटावरचा पत्ता वडिलांनीच लिहिलाय, मध्ये दोनदा थांबून.

आपली,
एका वीज कामगाराची मुलगी