कडबा, जिप्सम आणि मामा

सप्रेम नमस्कार मामा,

एम.एस्सी.चा प्रकल्प परवा जमा केला. आभाराच्या पानावर तुमच्यासाठी एकच ओळ मिळाली आणि ती मला पुरली नाही. म्हणून हे पत्र, सगळ्यांना वाचता येईल असं.

विषय होता खाजणातल्या, म्हणजे भरतीचं पाणी शिरणाऱ्या किनाऱ्यावरच्या दलदलीतल्या, चिखलातले जिवाणू, आणि मी सोलापुरात. समुद्र तोवर दोनदाच पाहिलेला. भरतीच्या पाण्यात उभं असलेलं गवत जिवंतपणी फारसं कुणी खात नाही, ते मेल्यावर जिवाणूंच्या वाट्याला येतं, एवढं वाचलं होतं. ऑक्सिजन चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटरपुरताच, त्याखाली जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात, हेही पाठ होतं. पण पाठच.

म्हणून खाजण बाटलीतच करून बघायचं ठरलं. इथल्या कंबर तलावाचा चिखल आणायला तुम्ही सकाळी सहाला माझ्याबरोबर आलात. गवताऐवजी काय घालू म्हणून मी अडले, तर घरून मालदांडी ज्वारीचा कडबा बारीक कापून आणलात. आणि सल्फेटसाठी? तुमच्या चोपण रानात टाकायला आणलेल्या जिप्समच्या पोत्यातली ओंजळभर. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हे मला सूत्रासकट येत होतं; ते तुमच्या शेतात पडलेलं असतं हे सुचलं नव्हतं.

चिखल, कडबा आणि पाणी दोन बाटल्यांत भरलं; एका बाटलीत जिप्सम घातलं, दुसरीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा रोज दुपारी ऊन आलं की तुम्ही बाटल्या खिडकीतून आत सरकवत होतात, पाणी उतरलं की भरत होतात. एकदाही आठवण करून द्यावी लागली नाही.

परत आले तेव्हा जिप्समची बाटली काळीकुट्ट. सल्फेटपासून जिवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड वायू केला; सडक्या अंड्यासारखा वास त्याचाच, आणि चिखलातल्या लोहाशी त्याचा संयोग झाला म्हणून तो काळा रंग. वर एक जांभळा पट्टाही आला होता, तोच वायू वापरून उजेडात वाढणाऱ्या जिवाणूंचा. दुसऱ्या बाटलीत मात्र बुडबुडे. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "ताई, हे तर आमच्या गोबर गॅससारखं. त्या काळीत का नाही?"

मामा, माझ्या प्रकल्पातला सगळ्यात चांगला प्रश्न तो होता. मिथेन, म्हणजे गोबर गॅसमधला जळणारा वायू, करणारे सूक्ष्मजीव आणि सल्फेट वापरणारे जिवाणू, दोघांचं खाणं बरंचसं एकच: कुजण्यातून निघणारे हायड्रोजन आणि ॲसिटेट. सल्फेट भरपूर असलं की सल्फेटवाले ते खाणं आधी पटकावतात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण २.७ ग्रॅम सल्फेट असतं, म्हणून खाऱ्या खाजणातून मिथेन कमी सुटतो. तिसरं प्रकरण मी त्या प्रश्नाभोवतीच लिहिलं.

पुढच्या महिन्यात रत्नागिरीला जातेय. येताना खाजणाचा खराखुरा चिखल आणीन. कडबा तेवढा तुमच्याच रानातला लागेल.

तुमची,
खिडकीतल्या बाटल्यांवाली ताई