सराफ्यातल्या पहिल्या वाटीबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आम्ही चौघी मैत्रिणी इंदूरहून पुण्याला सुखरूप पोहोचलो हे आपल्याला फोनवर कळवले होते आणि त्याच बोलण्यात घाईघाईने आभारही मानले होते. परंतु त्या शनिवारी रात्री इंदूरच्या सराफा बाजारातल्या खाद्यफेरीत आमच्या मार्गदर्शक म्हणून आपण आमच्यासाठी काय काय केलेत हे आम्हाला नंतर, परतीच्या गाडीत एकेक गोष्ट आठवून जुळवताना कळले, आणि तेव्हा फोनवरचे ते दोन शब्द फारच अपुरे वाटले. हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहावे हा आमच्या शिक्षिका मैत्रिणीचा आग्रह आहे, कारण खाण्यातल्या एखाद्या वावड्यामुळे अशा खाद्यभ्रमंतीला जाणेच सोडून दिलेली माणसे तिच्या ओळखीत बरीच आहेत. आपले नाव मात्र आपल्या इच्छेप्रमाणे लिहीत नाही.

शेंगदाण्याचे वावडे असलेल्या माणसाने महाराष्ट्रात जन्म घेणे ही एक थट्टाच आहे. कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, उपासाच्या आमटीत कूट, आणि आम्ही इंदूरला आलो ते दिवस संक्रांतीच्या मागचेच असल्यामुळे तिळगुळाच्या वडीतही कूट. आमच्या चौघींतल्या एकीला हे वावडे आहे. ही मैत्रीण बत्तीस वर्षांची असताना एका लग्नाच्या पंगतीत वाढलेल्या चटणीमुळे तिचा घसा सुजला आणि तिला रात्रभर रुग्णालयात ठेवावे लागले. तेव्हापासून ती कुठेही गेली तरी पिशवीत स्वतःचा डबा आणि पर्समध्ये डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन घेऊनच जाते. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात आम्ही अशीच एक फेरी घेतली होती. तिथल्या मार्गदर्शकाने तिचे म्हणणे ऐकून घेतले आणि ‘थोडेसे खाल्ल्याने काही होत नाही’ असे हसत सांगितले. त्यानंतरचे अडीच तास ती प्रत्येक दुकानाबाहेर उभी राहून आमच्या पर्स सांभाळत होती. आम्ही तिघी आत बसून खात होतो, हे लिहितानाही मला लाज वाटते.

त्यामुळे आपल्याला पहिला फोन करताना मी जरा आढेवेढे घेतले. आपण मात्र लगेच प्रश्न विचारायला सुरुवात केलीत. दाणा पोटात गेला तरच त्रास होतो की त्याच कढईत तळलेले खाल्ल्यानेही होतो, दाण्याचे तेल चालते का, काजू-बदाम चालतात का, इंजेक्शन कोणाला देता येते, असे सगळे विचारून झाल्यावर आपण म्हणालात, “हमी मी नाही देऊ शकत. मला दोन दिवस द्या, मी सराफ्यात जाऊन विचारून येते.” हमी देत नाही असे स्पष्टपणे सांगणारे माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटत होते, आणि खरे सांगायचे तर आमच्या मैत्रिणीने यायचे ठरवले ते त्या एका वाक्यामुळेच.

राजवाड्यासमोर आपण भेटलात तेव्हा आपल्या हातात एक छोटी वही होती आणि खांद्यावरच्या पिशवीत स्वच्छ पंच्यात गुंडाळलेले स्टीलचे चार चमचे होते. ते चमचे कशासाठी हे आम्ही विचारले नाही. आपल्याला बाहेरचे चमचे आवडत नसतील असे आम्हाला वाटले. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे असलेल्या त्या वाड्याकडे पाहत मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘इथूनच अहिल्याबाई कारभार पाहत असत’ असे म्हणाले, तेव्हा आपण मला न दुखावता सांगितलेत की अहिल्याबाईंची राजधानी महेश्वरला होती आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली ती 1818 मध्ये, मंदसौरच्या तहानंतर. वाड्याला 1984 मध्ये लागलेल्या आगीविषयीही आपण मोजकेच बोललात. पुण्यात इतिहासाविषयी चूक झाली तर इतक्या सौम्यपणे दुरुस्त करण्याची पद्धत नाही, म्हणून हा प्रसंग मुद्दाम नोंदवते.

साडेआठला आपण आम्हाला सराफ्यात नेलेत तेव्हा सोन्याचांदीच्या दुकानांची शटर्स नुकतीच खाली येऊ लागली होती आणि त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागत होत्या. खरी गर्दी दहानंतर होते हे आम्ही ऐकून होतो, म्हणून आमच्यातली एक जण ‘इतक्या लवकर कशाला’ असे कुरकुरलीही. आपण फक्त म्हणालात, “चला तर खरं, सराफा कुठे पळून नाही राहिला, पण खिचडी पळेल.” इंदुरी मराठीतले ते ‘पळून नाही राहिला’ आता आमच्या चौघींच्या बोलण्यात कायमचे आले आहे.

साबुदाण्याच्या खिचडीच्या त्या गाडीपाशी काय घडले ते मी सविस्तर लिहिणार आहे. आपल्याकडची खिचडी तुपाजिऱ्याच्या फोडणीवर परततात आणि दाण्याच्या कुटाशिवाय ती होतच नाही. इंदूरला मात्र साबुदाणा वाफेवर शिजवून गरम ठेवलेला असतो, आणि गिऱ्हाईक आले की त्यात मसाला, लिंबू, कोथिंबीर आणि तळलेले फराळी मिक्श्चर घालून समोर कालवून देतात. दाणे असतात ते त्या मिक्श्चरमध्ये. आपण दोन दिवस आधी येऊन ही सगळी कृती उभे राहून पाहिली होतीत आणि गाडीवाल्यांशी ठरवून ठेवले होते की त्या रात्रीची पहिली वाटी, मिक्श्चरचा डबा उघडण्याच्या आधी, वेगळी काढायची. आम्ही पोहोचलो तेव्हा तो डबा झाकण लावून फळीच्या अगदी दुसऱ्या टोकाला ठेवलेला होता. गाडीवाल्या भियांनी (इंदूरकडे ‘भाऊ’ला ‘भिया’ म्हणतात) हात धुतले, आपण पंच्यातून आपला एक चमचा काढून दिलात, त्यांनी भांड्यावरचे झाकण उचलले, वाफेचा लोट वर आला आणि त्यांनी साबुदाणा नव्या वाटीत काढून त्यावर लिंबू पिळले. मसाल्यातही दाणे नाहीत ना, हे आपण त्यांना पुन्हा एकदा, आमच्या त्या मैत्रिणीसमोर विचारलेत. मग ती वाटी तिच्या हातात दिलीत आणि तिच्याकडे टक लावून न पाहता गाडीवाल्यांशी त्यांच्या मुलीच्या परीक्षेविषयी बोलू लागलात.

तिने आधी वास घेतला, मग साबुदाण्याचे दोन दाणे जिभेवर ठेवून ती थांबली. पाच मिनिटे आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. मग तिने सगळी वाटी संपवली, कडेला चिकटलेले साबुदाणेसुद्धा चमच्याने खरवडून घेतले, आणि आम्हाला म्हणाली, “तीस वर्षांनी खिचडी खाल्ली ग.” त्यानंतरच आपण आम्हा तिघींसाठी मिक्श्चर घातलेली खिचडी मागवलीत, आणि तीही तिच्यापासून चार पावले दूर उभे राहून खायला सांगितलीत.

पुढचे सगळे खाणे मला तितके बारकाईने आठवत नाही. जोशींच्या दहीवड्याच्या दुकानात दह्याने भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात आणि एकाच चिमटीत धरलेले निरनिराळे मसाले एकेक करून सोडतात, हे पाहिले. हात चालवण्याची ती कला खरी आहे, उगाच प्रसिद्धी झालेली नाही. गराडू, म्हणजे आपल्या कोनफळाचा भाऊबंद, तळून वर जिरावण हा इंदुरी मसाला भुरभुरलेला, थंडीत त्या कागदाच्या पुडीने हातही गरम होतात. जलेबा मात्र मला झेपला नाही. पावशेराची एक जिलबी चौघींत वाटून घेतली तरी ती गोडच राहते. इंदुरी शिकंजीत लिंबाचा थेंब नसतो, ती आटवलेल्या दुधाची आणि सुक्या मेव्याची असते, हे कळल्यावर आमच्या मैत्रिणीने स्वतःच ती नको म्हटले, आणि आपण तिला कढईतले साधे गरम दूध मिळवून दिलेत. सराफांनी रात्रीच्या वर्दळीने दुकानांची राखण होते म्हणून या गाड्यांना जागा दिली अशी गोष्ट सगळेच सांगतात. ‘असे सांगतात, कागद मी पाहिलेला नाही’ असे म्हणून आपण ती सांगितलीत, ते मला आवडले.

आता भुट्ट्याच्या किसाविषयी. बाजारात शिरल्याशिरल्या किसाची एक मोठी गाडी लागली होती आणि मका, दूध, हिरव्या मिरचीचा तो वास येताच आम्ही तिघी तिकडे वळलो होतो. आपण वहीत पाहिलेत, ‘इथे नको, पुढे चांगला मिळेल’ एवढेच म्हणालात आणि चालू लागलात. पुढे पन्नास पावलांवर दुसऱ्या गाडीवर आम्ही पाचही जणींनी तुपातला किस खाल्ला. पहिल्या गाडीवर दाण्याचे तेल वापरतात हे मला दुसऱ्या दिवशी, स्टेशनवर सोडायला आलात तेव्हा मी खोदून विचारल्यावर कळले. त्या रात्री आपण ते कारण सांगितले असते तर आमच्या मैत्रिणीने नक्की म्हटले असते की ‘तुम्ही खा, मी थांबते’, आणि तिचे ते थांबणे पुन्हा सुरू झाले असते. साडेतीन तासांत आपण एकदाही तिला एकटीला बाजूला उभे राहू दिले नाहीत आणि एकदाही तिच्यामुळे आमचे काही हुकले असे कोणाला जाणवू दिले नाहीत. मी बँकेत सदतीस वर्षे काउंटरवर काढली आहेत. समोरच्या माणसाची अडचण चारचौघांत न बोलता निभावून नेणे किती अवघड असते याची मला कल्पना आहे. आपण ते सहज करत होतात असे मी म्हणणार नाही, कारण त्या वहीची पाने मी पाहिली आहेत: प्रत्येक गाडीपुढे तेलाचे नाव, कढई एकच की दोन, आणि काही ठिकाणी फक्त एक फुली.

ठरलेल्या रकमेपेक्षा वर काही घेण्यास आपण नकार दिलात, म्हणून चितळ्यांची बाकरवडी पाठवत आहोत. ती आपण आणि त्या खिचडीच्या गाडीवाल्यांनी वाटून घ्यावी.

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या आहेत. आमच्या मैत्रिणीने घरी साबुदाणा वाफवून पाहिला, तर पहिल्या दिवशी त्याचा गोळा झाला आणि दुसऱ्या दिवशी तो आतून कच्चा राहिला. तो किती वेळ भिजवायचा आणि वाफेवर ठेवण्याआधी कितपत निथळून घ्यायचा, हे गाडीवाल्यांना विचारून कृपया कळवावे. दुसरे असे की आपल्या चार चमच्यांपैकी एक तिच्या डब्याच्या पिशवीतून पुण्याला आला आहे. तो कुरिअरने पाठवावा असे मी सुचवले होते, पण ती तयार नाही. पावसाळ्यात मक्याची कणसे आली की ती स्वतः घेऊन येणार आहे, आणि त्या वेळी डबा आणणार नाही असे म्हणते. इंजेक्शन मात्र आणेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
पुण्याच्या चौघींपैकी एक